माझ्या ऑटो आयएसओची मंजुरी

१४ जानेवारी
ठरलं. नव्या कॅमेऱ्यातला ऑटो आयएसओ, म्हणजे उजेड पाहून संवेदनक्षमता आपोआप ठरवणारी सोय, माझ्या सूत्रावर चालेल. जुना अंधारात आयएसओ वाढवायला कचरतो, शटर मंद ठेवतो आणि पळणारं मूल पुसट करून टाकतो. माझा आधी हालचाल मोजतो, मग ठरवतो. चाचणीच्या खोलीतले निकाल निर्विवाद आहेत. मार्चअखेरच्या बैठकीत मंजुरी. अडचण दिसत नाही.

१६ जानेवारी
विभागप्रमुख इसोगाई-सान म्हणाले, सूत्र चांगलं आहे, पण बैठकीआधी एकेकाच्या टेबलाशी जाऊन ये. बैठकीत पहिल्यांदा कानावर पडलेल्या गोष्टीला इथे कुणी हो म्हणत नाही. मी म्हटलं, आकडे आहेत ना. ते म्हणाले, आकडे मान डोलवत नाहीत, काझामा.
जाणार नाही. आकडे पुरेसे आहेत.

२३ जानेवारी
जाणार आहे. केवळ सौजन्य म्हणून. सूत्रातलं एक अक्षरही बदलणार नाही.

३० जानेवारी
कुबोदेरा-सान. प्रिंटवरचे दाणे तपासणं हे त्यांचं काम. भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, या पोराच्या गालावर वाळू कुणी सांडली? मी म्हटलं, पण मूल स्पष्ट आलंय. म्हणाले, हो ना, वाळूही स्पष्ट आलीय.
आयएसओ चढला की दाणे येतात, म्हणून त्याला वरून मर्यादा घातली. तात्पुरती.

९ फेब्रुवारी
कंपनीसमोरचं तळं अजून गोठलेलं. कॅन्टीनमधल्या सोबा नूडल्स गार. थकवा आहे, पण तो कामाशी संबंधित नाही.

१४ फेब्रुवारी
बॅटरीचे हिराबायाशी-सान. माझा कॅमेरा हालचाल सतत मोजतो, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, सहलीला गेलेल्या माणसाची बॅटरी जेवणाआधीच संपेल, मग तो शिव्या तुला देणार नाही, मला देईल. अधूनमधून मोजायचं ठरलं. मूल त्या मधल्या वेळात पळालं तर ते निसटेल. मुलं इतकी वेळ साधून पळत नाहीत.
सूत्राचा गाभा शाबूत आहे.

२ मार्च
विक्री विभागाच्या शिमुरा-सान नमुना कॅमेरा मुलीच्या शाळेच्या निरोप समारंभाला घेऊन गेल्या होत्या. शाळेचं व्यायामगृह, अपुरा उजेड, आणि रांगेत सगळ्या आया काळ्या सूटमध्ये. कॅमेऱ्याला एवढं काळं म्हणजे अंधारच वाटला. त्याने आयएसओ चढवला. सूट राखाडी आले, चेहरे पांढरे.
शिमुरा-सान शांतपणे म्हणाल्या, काझामा-सान, पोरी शाळेतून बाहेर पडल्या आणि आया जगातून, असं दिसतंय. हे मी कुणाला विकू?
चाचणीच्या खोलीत माणसाच्या जागी ठेवलेल्या बाहुलीला आपण पिवळा स्वेटर घालतो. देशभरातल्या आया मार्चमध्ये शाळेच्या निरोपाला काळं घालतात हे मला माहीत असायला हवं होतं, असं कुणी म्हणू शकेल. माझ्या निरोपाला माझी आईही तेच घालून आली होती. पण ती माहिती तांत्रिक स्वरूपाची नव्हती.

६ मार्च
चौकटीत काळं जास्त असेल तर उजेड कमी करायचा, अशी अट घातली. आता आया काळ्या दिसतात. मुलीही.

११ मार्च
अटीला अट घातली. शंका असेल तेव्हा जुन्या सूत्राचं उत्तर घ्यायचं. शंका क्वचितच येईल.

१९ मार्च
शंका बहुतेक वेळा येते. हे सावधपणाचं लक्षण आहे. गाभा शाबूत.

२५ मार्च
जुन्या आणि नव्या सूत्राने काढलेले फोटो शेजारी ठेवले. फरक सापडला नाही. यंत्रालाही सापडला नाही. मोजण्याची पद्धत सुधारावी लागेल.

२८ मार्च
बैठक. एकही प्रश्न आला नाही. कुबोदेरा-सान म्हणाले, वाळू गेली. हिराबायाशी-सान म्हणाले, बॅटरी पूर्वीइतकीच टिकते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंजुरी एकमताने.
लिफ्टपाशी इसोगाई-सान म्हणाले, पहिल्याच खेपेला मंजुरी, अभिनंदन. तू टेबलांशी गेलीस म्हणून. म्हणजे टेबलांशी जाणं मला जमतं, असं मी धरते.
शिमुरा-सानना खोक्यावर छापायला एक ओळ हवी आहे: नव्या ऑटो आयएसओत नवीन काय. उद्या देते म्हटलं.

२९ मार्च
ओळ तयार नाही. योग्य शब्द महत्त्वाचे.

३० मार्च
शिमुरा-सानचा फोन. म्हणाल्या, घाई नको, मागच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावरची ओळच चालते आहे. ती मी तुमच्या सूत्राशी ताडून पाहिली, सगळं जुळतं.
बरं म्हटलं.