वाटेत हरवलेले दोन व्होल्ट

प्रिय शालकराज यांस,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचा सप्रेम नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? शिडीवर चढू नकोस, दुकानात बसून हुकूम सोड. आम्ही दोघं ठीक आहोत. तू बसवलेला इन्व्हर्टरही ठीक आहे असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोलू!

झालं असं, की विजेच्या शेवटच्या खांबापलीकडच्या या घरात दुपारी पडल्या पडल्या ढग बघायची मला सवय लागली आहे (तुझी ताई याला लोळणं म्हणते). अशाच एका दुपारी एक पक्षी बोलायला लागला. पीं... थोडं थांबून पुन्हा पीं. आवाज इतका समजूतदार, की मी झोपेतच त्याला नाव-गाव विचारलं. पुढे बरेच दिवस मी दुर्बीण घेऊन झाडाझाडांवर त्याला शोधत होतो. शेवटी ताईने दंडाला धरून मला जिन्याखालच्या कपाटापाशी उभं केलं. पक्षी इन्व्हर्टरमध्ये होता, लाल दिवा लावून. बॅटरीचं व्होल्टेज कमी आहे, असं त्याचं म्हणणं. पाण्याचा पंप लावला की हमखास ओरडायचा.

तुला फोन केला तर तू म्हणालास, बॅटरी बसली असेल. मला तो शब्द फार आवडला (घसा बसतो, धंदा बसतो, मी तर केव्हाचा बसलोय, मग बॅटरीनेच काय घोडं मारलंय?). ताईला मात्र तो आवडला नाही. हे ओरडणं थांबणार नसेल तर मी लेकीकडे शहरात राहायला जाते, असं म्हणून तिने बॅग काढली. माझी तर झोपच उडाली! अरे, तिच्याशिवाय मी एक दिवससुद्धा राहू शकणार नाही. आणि तिच्या मागोमाग जावं, तर तिथे एवढं आभाळ कुठून आणू?

म्हणून कामाला लागलो. भांडी घासायचे हातमोजे नि पोहायचा चष्मा चढवला. बॅटरीतलं पाणी पाहिलं, पुरेसं होतं. गच्चीवर जाऊन सोलरच्या काचा पुसल्या (तिथे ऊन इतकं सुरेख पडलं होतं, की थोडा वेळ मीच चार्ज होत बसलो). मग पंप चालू ठेवून तू इथे ठेवून गेलेला व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्ट पुरेपूर, आणि इन्व्हर्टरपाशी दोन कमी! मधे वायर ती केवढी, हातभर. मीही पाणी प्यायला म्हणून निघतो आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत कशाला आलो ते विसरतो. तसेच हे दोन व्होल्ट कुठेतरी रेंगाळत असणार, हे मी लगेच ओळखलं. सापडले खुंटीला वायर धरून ठेवणाऱ्या पकडीत. नट सैल, आणि आत बुरशी धरल्यासारखा हिरवट थर. सगळं बंद करून सोड्याच्या पाण्याने आणि दात घासायच्या एका जुन्या ब्रशने (तो जुना नव्हता, जावईबापूंचा होता, हे मागाहून कळलं) लख्ख घासलं, नट आवळला, पंप लावला. चिडीचूप! मी छाती काढून ताईकडे पाहिलं. बरं झालं, एवढंच म्हणाली, आणि बॅग भरत राहिली.

तरी यंत्र ठणठणीत आहे, काळजी नसावी.

तुझा,
भाऊजी

ता. क. बॅग दारातच आहे. विचारलं तर म्हणाली, ते ओरडत होतं तेव्हा निदान तुम्ही उठून यायचात, अगं पंप बंद कर असं तरी बोलायचात. आता दिवसभर घरात माणसाचा आवाज नाही.

ता. ता. क. तर खरं काम असं. तो नट किती सैल केला म्हणजे ते पुन्हा ओरडेल? चटकन कळव. ताईला यातलं काही बोलू नकोस.

अरे, हे पुढचं मी लिहितेय, ताई. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, काय म्हणावं! नटाचं मुळीच सांगू नकोस. सैल राहिला तर तापतो आणि घर पेटतं, एवढं मलाही कळतं. माझ्याशिवाय एक दिवस राहू शकणार नाहीत म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी बोलले नाहीत, आणि तुला मात्र लिहून कळवतायत. कपडे पुन्हा कपाटात लावलेत, त्यांच्याच घडीत हे पत्र ठेवतेय. तुला काही ते मिळायचं नाही.