आमच्या बँडमधली डिस्कोबंदी

२ एप्रिल २००६
ठरलं. ते डिस्को गाणं आपल्या बँडमधून कायमचं बंद. चोवीस वर्षं झाली. कापसाचा भाव पडला, लग्नं घटली, हे गाणं मात्र हटत नाही. लोक नाचतात आणि माझी, देवीलाल मास्तरची, कला कोणाला दिसत नाही. उज्ज्वलाच्या लग्नात, माझ्याच पोरीच्या, मी स्वतः बांधलेली चाल वाजणार.

४ एप्रिल
पोरांचा भरवसा नाही. सगळ्यांना कळंबला नेलं, चिंतामणी गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली : ते गाणं परत वाजवणार नाही. क्लॅरिनेटवाला धर्मपाल म्हणाला, मी देवाची शपथ घेत नसतो, शब्द देतो. चालेल. मी स्वतः घेतली नाही. मास्तरला शपथेची गरज नसते.

१९ एप्रिल
बायको म्हणते, नवरदेवाकडचे केळापूरचे पाहुणे त्या गाण्याशिवाय मांडवात पाय ठेवत नाहीत, कायले जिवाले घोर लावून घेता? तिला संगीतातलं कळत नाही. चाल सत्तर टक्के तयार.

७ मे, सकाळी ९
मुहूर्त ११.४० चा. फुल कॉन्फिडन्स.

११.१५
पाराच्या मागे उभा राहून लिहितोय. वरात इथेच अडली. माझी चाल दोनदा वाजवली, एक पाय हलला नाही. नवरदेवाचे काका रामसिंग म्हणाले, डिस्को वाजवा, नाहीतर आम्ही चाललो वापस. ते खरंच जीपकडे बघतायत.

११.२५
माघार घेतली. म्हणालो, वाजवा. कोणी वाद्य तोंडाला लावेना. शपथ आडवी आली. धर्मपाल म्हणाला, शब्द म्हणजे शब्द मास्तर, तुम्हीच त मागतला. उज्ज्वला मांडवात हळद लावून बसलीय. भीती वाटते.

८ मे
लग्न लागलं. शेवटी कॉर्नेट मीच उचललं. सोळा वर्षं बँडपुढे नुसती काठी फिरवली होती. निम्मे सूर वाऱ्यावर गेले, मधला तुकडा आठवेना. तो लोकांनीच गाऊन भरून काढला आणि नाचत नाचत मांडवात शिरले. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली होती. उज्ज्वला रडायची थांबली. मीच रडलो.

जाताना रामसिंगभाऊंनी पाठ थोपटली. म्हणाले, बरं वाजवता, कधीपासून शिकून राह्यले?
म्हणालो, दोन महिने झाले.