समासातले प्राध्यापक

३ फेब्रुवारी
वाचनालयात साडूचं भाषण. विषय: 'नुकतंच वाचलेलं: एक इतिहास, एक कादंबरी'. माणूस दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो, संध्याकाळी स्वतःचं बंद करत नाही. टाळ्या पडल्या. त्याचं काही नाही. पण बायको घरी येईपर्यंत म्हणत होती, भावोजी वाचलेलं किती छान सांगतात! चौदा वर्षांत माझ्याबद्दल असं एकदाही म्हणाली नाही. जळफळाट झाला. छे, जळफळाट कसला. पित्त असावं.
पुढच्या महिन्याचा वक्ता म्हणून नाव देऊन आलो.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज पन्नास पानं. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. एका वेढ्याचा इतिहास, सहाशे पानं. एका मत्सरी घड्याळजीची कादंबरी. मत्सरी माणसं मला आवडत नाहीत, पण तीच पातळ होती.

५ फेब्रुवारी
चार पानं. पण सखोल.

११ फेब्रुवारी
ऑफिसात पाण्याच्या मीटरच्या तक्रारी फार. वाचनाला वातावरण नाही. चहाच्या वेळी बायकोसमोर इतिहास घेऊन बसलो. ती बहिणीशी फोनवर. साडूने म्हणे अजून एक पुस्तक संपवलं. पेशंटची दाढ बधिर होईपर्यंत कुणीही वाचेल.

१९ फेब्रुवारी
इतिहास, पान ९. अजून वेढासुद्धा पडलेला नाही. लेखकाचा दोष.

२४ फेब्रुवारी, दुपारी
सापडलं! पुढची पानं नुसती चाळली, तर समासात कुणीतरी पेन्सिलने टिपणं केलेली. दोन्ही पुस्तकांत, एकच अक्षर. एक असं: 'किल्ला तोफांनी पडला नाही. धान्य किती उरलंय ते आतल्यांनी एकमेकांना खरं सांगितलं नाही, म्हणून पडला.' वा! निवृत्त प्राध्यापक असावेत. बहुधा वारलेले. म्हणजे हरकत घ्यायला कोणी नाही.
बायकोला विचारलं, इतकं बारकाईने कोण वाचत असेल गं? म्हणाली, असेल कुणीतरी रिकामटेकडं. आणि कपडे वाळत घालायला गेली. तिला यातलं काय कळणार.

३ मार्च
भाषण दणक्यात! बायको पहिल्या रांगेत. माझं वाक्य संपायच्या आत तिचे ओठ हलत होते, इतकी तल्लीन. साडू चेहरा पाडून हात मिळवायला आला. येताना बायको एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

४ मार्च, सकाळी
चहा देताना बायको म्हणाली, सगळं नीट म्हणालात, पण कादंबरीतलं एकशे बारावं पान का सोडलंत?
काढलं. तेच अक्षर. किराण्याच्या यादीत दर महिन्याला बघतो ते. 'हा घड्याळजी आमच्याच घरात राहतो. चहाच्या वेळी पुस्तक उलटं धरतो आणि कान माझ्या फोनकडे. तू काय वाचतेस, असं एकदा विचारलं असतं, तर मी भावोजींचं नाव तरी कशाला काढलं असतं?'
उलटं साफ खोटं आहे. थोडं तिरकं होतं.

४ मार्च, संध्याकाळी
विचारलं. दीड तास सांगत होती. साडूपेक्षा कितीतरी छान सांगते.
पित्त नाही. जळफळाटच.