उखाण्यातलं नाव

पुणे, ऑक्टोबर १९९९

चि. सौ. ललिता, तुला आणि घरच्या सगळ्यांना आजेसासूचा आशीर्वाद.

लखन पोटभर जेवतो, काठी धरून इस्पितळाच्या व्हरांड्यात चालतो. डोक्याची जखम भरली. बोलणं तेवढं परतलं नाय. पाण्याला 'बूट' म्हणतो, मग स्वतःच रडतो.

हे पत्र मनाली डॉक्टरीण लिहितेय. लढाईत डोक्याला मार बसलेल्या जवानांना पुन्हा बोलतं कसं करायचं, ते शिकायला आणि त्यावर संशोधन करायला ती फेलोशिपवर आलीय. लिहिणारी तीच, म्हणून तिला नावं ठेवता येत नायत.

ती म्हणाली, "आजी, पाठ असलेलं कधीकधी आपसूक येतं." म्हणून मी त्याचा लग्नातला उखाणा सुरू केला. लखननं पुढं घडाघडा म्हटला, "घाट चढली गाडी, धुक्यात बुडालं रान, यशोदाचं नाव घेतो, राखून सगळ्यांचा मान."

तुझ्या जागी माझं नाव. मी म्हटलं, "मेल्या, तुझा आजा वरून ऐकतोय." डॉक्टरीण हसली, तोही हसला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

रोज म्हणवून घेते, रोज माझंच नाव. ललिता, माझा धीर सुटत चाललाय. हे लिहू नको म्हटलं, तरी ही लिहितेय.

दिवाळीनंतर हिचं ट्रेनिंग संपतं. मग त्याच्याजवळ एवढा वेळ कोण बसणार?

गाय व्याली का? भात कापायला माणसं लाव आणि तू ये. लग्नातली साडी नेसून त्याच्यासमोर बस. नाव सांगू नको, त्याला घेऊ दे. माझं घेतलं तर या म्हाताऱ्या सवतीवर रागावू नको.

अंगठा तुझ्या आजेसासूचा,
यशोदाबाई