कौसाबाईंची साखर

१ जानेवारी २०२५. सकाळ.
या वर्षी संकल्प एकच. २ मार्चला हे जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी रविवार आहे. यांच्या आठवणीची उपासना कुठल्या चर्चमध्ये ठेवायची ते तोपर्यंत ठरवायचं. अंबरनाथचं आपलं जुनं चर्च सोडून. ते मी मागच्या एप्रिलमध्येच सोडलं. तत्त्वासाठी. रागाने नाही. मला राग येत नाही.

तत्त्व लिहून ठेवलेलं बरं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. भाकर आणि द्राक्षरस. द्राक्षरस म्हणजे दारू नव्हे. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, उकळून गाळायच्या. वरून लिंबू पिळायचं, रस टिकतो. लिंबू ही माझी स्वतःची भर, कुठल्या पुस्तकात नाही. कात्रपच्या या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षं मी रस केला. हे चर्चचे पंच. बरणी हेच नेणार, मागच्या खोलीत छोट्या ग्लासांत ओतणार, उपासनेत ट्रे फिरवणार.

हे गेल्यावर ओतायचं काम चर्चमधल्या कौसाबाईंकडे गेलं. पहिल्याच वेळी माझ्या ग्लासाच्या तळाशी साखर. न विरघळलेली! प्रभूच्या मेजावर! ग्लास ट्रेमध्ये परत ठेवला आणि उठून आले.

रस घरी आंबटच असायचा, मला माहीत आहे. चमच्याने चाखून बघायचे. पण चर्चमध्ये, प्रार्थना झाल्यावर, तोच रस गोड लागायचा. दर महिन्याला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आमचे लोक म्हणतात, भाकर भाकरच राहते, रस रसच राहतो, आपण फक्त आठवण करतो. म्हणू देत. जीभ माझी आहे.

५ जानेवारी. रविवार.
पहिली पाहणी. जावई विनीत वसईचा कॅथलिक, त्याच्याबरोबर मिस्साला. सगळं आधी वाचून गेले होते. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे. गुडघे टेकले. उठण्याबद्दल पुस्तकात पुरेशी माहिती नव्हती. विनीतने आणि एका अनोळखी गृहस्थांनी काखेत हात घालून उभं केलं.

विनीतने बजावलं होतं, मम्मी, कम्युनियन फक्त कॅथलिकांना. तुम्ही छातीवर हात बांधून या, फादर आशीर्वाद देतील. मी हात बांधले. पण समोरच्या बाईने तोंड उघडलं म्हणून मीही उघडलं. फादरनी हळूच विचारलं, तुम्ही कॅथलिक का? म्हटलं, प्रोटेस्टंट, पण अभ्यास चालू आहे. त्यांनी हसून डोक्यावर हात ठेवला. मागे रांग खोळंबली. फादरना माझी चिकाटी आवडली असावी.

रिक्षात विनीतला विचारलं, तुमच्यात ती भाकर खरंच प्रभूचं शरीर होते? म्हणाला, हो. म्हटलं, मग चव बदलते? म्हणाला, नाही मम्मी, दिसायला आणि चवीला तशीच राहते. आश्चर्य आहे. त्यांच्यात बदलतं पण कळत नाही. आमच्यात बदलत नाही पण कळायचं.

निकाल: चर्च चांगलं. गुडघ्यांसाठी नाही. शिवाय शेजारच्या जागेवर माझी पर्स होती, ती एकाने उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिथे बसला. पर्सला जागा नको?

१२ जानेवारी. रविवार.
गुडघा. घरीच शास्त्रवाचन करायचं ठरवलं. दुपारी उठले.

१९ जानेवारी. रविवार.
केरळी लोकांच्या जुन्या पंथाचा कुर्बाना, म्हणजे त्यांचं प्रभुभोजन. सगळं मल्याळममध्ये. वेदीपुढे पडदा. मधेच तो बंद होतो, आत काय चाललंय ते दिसत नाही. कडेने वाकून बघितलं. धूप माझ्याच दिशेने आला. सलग शिंका. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या दोन्ही तळव्यांत माझे हात घेतले आणि सोडले. शांती अशी देतात म्हणे, हातातून हातात, मग पुढच्याला द्यायची. मी शेजारी वळले. शेजारी माझी पर्स.

थोडा वेळ तशीच हात धरून उभी राहिले. शांती पुढे द्यायची राहिली. पुढची रांग खोळंबली. शेवटी मागून एका मुलीने माझे हात ओढून घेतले.

निकाल: फार मोठी उपासना. उभं राहून पाय दुखले. धुराने डोळ्यांतून पाणी. घरी येईपर्यंत.

२ फेब्रुवारी. रविवार.
अंबरनाथला आज प्रभुभोजन असेल. मला काय त्याचं.
शलाकाचा फोन. मम्मी, ठरलं का? नगरहून आत्या येणार, लोकांना कळवायला नको का? म्हटलं, अभ्यास शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणाली, मम्मी, पप्पांची उपासना आहे, एमपीएससी नाही.
अंबरनाथचे पाळक राजरत्न यांचाही फोन येऊन गेला. उचलला नाही. हात पिठाचे होते. (नव्हते. पण असू शकले असते.)

९ फेब्रुवारी. रविवार.
उल्हासनगर कॅम्प ४. जीन्स शिवायच्या कारखान्यावर एक हॉल, तिथे फेलोशिप. ड्रम, कीबोर्ड, माईक. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, ताल तपासायला. बराच वेळ तपासला.

नंतर जिज्ञासा सिस्टर भेटल्या. सिंधी, दुकान सांभाळतात, बोलायला चटपटीत. आंटी, आपने पानी लिया है? म्हटलं, हो, चहापण घेतला. हसल्या. पानी मतलब बाप्तिस्मा. म्हटलं, मग तर कधीच घेतला, तीन महिन्यांची होते तेव्हा. म्हणाल्या, अरे वो तो मम्मी-पापा का डिसिजन था ना, आपका थोडी!

विचार केला तर बरोबर आहे. मला कोणी विचारलं होतं? डोक्यावर चार थेंब टाकले, मी रडले, झालं.

ठरलं! २३ तारखेला जांभूळ गावाच्या बाजूला नदीवर त्यांचा बाप्तिस्मा आहे. पूर्ण बुडवून. मी घेणार. मग यांची उपासनाही तिथेच, ड्रमसकट. शलाकाला सांगितलं. म्हणाली, मम्मी, तुला बादलीतलं गार पाणी चालत नाही. तिला अध्यात्म कळत नाही.

१५ फेब्रुवारी.
गडद रंगाचा पंजाबी ड्रेस आणला, भिजल्यावर अंगाला चिकटून दिसायला नको म्हणून. नवीन जीवनाची तयारी पूर्ण. सकाळी गार पाण्याने आंघोळीचा सराव. पायांपर्यंत जमलं.

२३ फेब्रुवारी. रविवार.
सकाळी नदीवर. आठ-दहा जण रांगेत. माझ्यापुढे एक तरुण, थरथरत होता, पण चेहरा असा की लग्नाला निघालाय. पास्टर प्रत्येकाला विचारत होते, मग धरून पाठीमागे बुडवत होते. माणूस वर आला की सगळे हालेलूया.

घोट्यापर्यंत पाण्यात उतरले. माझा नंबर येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विचार करत बसले. तीच चूक झाली. माझा बाप्तिस्मा नगरच्या चर्चमध्ये झाला. यांचाही तिथेच. त्याच दगडी कुंडात, त्याच पाळकांच्या हातून, यांचा माझ्या दोन वर्षं आधी. सासूबाई सांगायच्या, तेव्हाही हे रडले नाहीत, हसले. आता माझा धरायचा नाही म्हटलं तर यांचाही धरता येणार नाही. आणि यांना आता नदीवर कोण आणणार?

बाहेर आले. जिज्ञासा सिस्टर टॉवेल घेऊन मागे धावल्या. आंटी, डर गये क्या? म्हटलं, सर्दी आहे. त्यांनी थर्मासमधून चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. चांगली बाई आहे.

निकाल: पाणी फार गार होतं. एवढंच.

२५ फेब्रुवारी.
शलाकाला कळवलं की अभ्यासाअंती एकही चर्च योग्य वाटत नाही, उपासना घरीच हॉलमध्ये करू. ती म्हणाली, मम्मी, मी जानेवारीतच पाळकांना सांगून ठेवलंय. अंबरनाथलाच आहे. सगळ्यांना माहीत आहे. आत्यालासुद्धा.

मग माझा अभ्यास? म्हणाली, तू रविवारी घराबाहेर पडत होतीस ना, म्हणून मी काही बोलले नाही.

ठीक आहे. जाईन. निरीक्षक म्हणून. ट्रे आला की हात लावणार नाही. आणि कौसाबाईंना साखरेसकट पकडणार.

२ मार्च. रविवार. संध्याकाळ.
मुद्दाम लवकर गेले. सरळ मागच्या खोलीत. कौसाबाई चमचा हातात घेऊन उभ्या! पकडलं. म्हटलं, कौसाबाई, हे काय? प्रभूच्या रसात?

दचकल्या नाहीत. म्हणाल्या, या बाई, कवापासून वाट बघतेय तुमची. मी काय माझ्या मनानं घालते व्हय? साहेबांनीच दाखवलंय. गीतांच्या पुस्तकांमागं डबा ठेवायचे. दर बारीला घालायचे, हलवायचे, मग ओतायचे. तुमचं लिंबू लई व्हायचं, बाई. पोरं तोंडं वाकडी करायची.

मी म्हटलं, खोटं. डबा पुढे केला. आमच्याच घरचा. बोर्नव्हिटाचा, झाकणाला चीर. हरवला म्हणून मी तेव्हा कामवालीशी भांडले होते.

कौसाबाई म्हणाल्या, साहेब म्हणायचे, घरी बोलू नका हां. तिला वाटतं प्रार्थनेनं गोड होतं. रस पिऊन ती जी बघते ना, ते बघायला तर मी ट्रे फिरवतो.

मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या ग्लासात साखर राहिली त्या दिवशी मी पहिल्यांदाच एकली ओतत होते. साहेब नव्हते ना. हलवायचंच राहिलं.

उपासना झाली. पाळक यांच्याबद्दल चांगलं बोलले, थोडं जास्त चांगलं. आमच्या नेहमीच्या बाकावर बसले. शेजारी पर्स. कौसाबाई आल्या, पर्स उचलून खिडकीत ठेवली आणि बसल्या. ट्रे आला. ग्लास घेतला. गोड होता. चांगला हलवलेला.

मला राग आलाय. खूप. यांचाच. वर्षभरात पहिल्यांदा. घरी येऊन फोटोपुढे उभी राहून बोलले, मोठ्याने, बराच वेळ. शेजारच्या नीलिमाने बेल वाजवून विचारलं, काकू, कोणी आलंय का?

६ एप्रिलच्या प्रभुभोजनाच्या मनुका माझ्याकडे. लिंबू पिळणार, ते माझं तत्त्व आहे. डबा कौसाबाईंकडेच राहू दे. त्या साखर घालतील तेव्हा मी खोलीत नसेन.