रोझीचं बी

४ फेब्रु.
लेट्यूस काढून संपला. ठिपक्यांच्या पानांचा एकच गड्डा बियाण्याला ठेवलाय. हे म्हणाले, "तोही काढ की, कडू होईल." म्हटलं, होऊ दे. त्याशिवाय बी कसं धरणार?

११ फेब्रु.
उटीहून रोझीचा फोन. पंचवीस वर्षं एका वॉर्डात तिच्या हाताखाली ड्युट्या केल्या, पण तिचं रडणं आज पहिल्यांदा ऐकलं. आईपासून जपलेलं ह्या ठिपक्यांच्या लेट्यूसचं बी, सगळं बुरशीने गेलं. दोनदा पेरलं, एक कोंब नाही. "तुझ्याकडे आहे का गं थोडं?" मी रिटायर होताना चिमूटभर तिनेच दिलेलं. माझंही यंदा सगळं पेरून झालंय. जे काय ते आता त्या एका गड्ड्यात.
"आहे," मी म्हणाले. बोलून बसले!

२ मार्च
दांडा कमरेएवढा. बारीक पिवळी फुलं. ऊन फार, दुपारी जुनी साडी बांधते वर.

९ मार्च
सोसायटीची नोटीस. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, उद्यापर्यंत कुंड्या हलवा. सेक्रेटरी म्हणतात, "अहो कांबळेबाई, एका काडीसाठी काम थांबवायचं का?" म्हटलं, "थांबवू नका. दोन माणसं द्या, कुंडी उतरवायला." माणसं कुठली!

१० मार्च
उतरवली. ह्यांनी आणि मीच. दर पायरीला टेकवत, दोन मजले. एक फांदी मोडली. पण ह्यांनी दांडा असा धरला होता, जशी सलाईनची बाटली. तीन वर्षं 'सशाचं खाणं' म्हणणारा माणूस! आता बाल्कनीत. सकाळचं ऊन येतं, पुरेल बहुतेक.

३० मार्च
बोंडांना कापूस फुटला. कागदी पिशव्या बांधल्या, वाऱ्याने उडायला नको.

६ एप्रिल
चोळून, पाखडून चमचाभर बी. काळं, भरलेलं. पुण्याच्या उन्हात, माझ्या हातचं! हे वाटी घेऊन समोरच्यांकडे दाखवायला गेले. मी अडवलं नाही. अर्धं रोझीला स्पीडपोस्टने. सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं, "थोडं आम्हाला?" म्हटलं, "काडीचं बी कशाला तुम्हाला?"

२१ एप्रिल
रोझीचा फोन. पेरून आठ दिवस झाले, अजून काही नाही. आवाज पडलेला. म्हटलं, "अगं ताजं बी आहे, झोपेत असतं. उरलेलं चार दिवस फ्रीजमध्ये ठेव, मग पेर. वर माती नुसती भुरभुरव." ती म्हणाली, "हो सिस्टर."
आयुष्यभर 'हो सिस्टर' मीच तिला म्हणत आले. उद्या परत फोन करते.