पांढऱ्या दगडांच्या वर

११ जानेवारी १९८९

ठरलं! उद्या देवडोंगर चढणार! बोथ गावच्या माह्या शाळेले संक्रांतीची सुट्टी लागली, अन् गावाकडं आली ती याच्याचसाठी. धरणात जुनं गाव बुडालं, हा डोंगर तेवढा पाण्याच्या मधात बेट होऊन उभा. माथ्यावरचा देवही नव्या गावात हलवला. आता कोण अडवते?

बाबा लहानपणी तिथं ढोरं चारत. पण पांढऱ्या दगडांपर्यंतच! चुना लावलेली रांग होती म्हणे — गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्यानं तिच्या वर पाय ठेवायचा नाई. आमच्या घरातलं कोणीच माथा पाह्यला नाई. मी पहिली!

आई म्हणे, "भागे, मास्तरीण झाली तरी माकडपणा जात नाई तुहा!" बाबा लंगडा पाय चोळत बसले. लहानपणी बैलबंडीखाली सापडला तो.

१२ जानेवारी

चढली!! चढली मी!

दौलत भोयानं डोंग्यातून सोडलं. "वर मी नाई येत, बाप्पा! वाटच नाई." खरंच नव्हती. जुनी वाट पाण्याखाली, वर सारं घाणेरीचं रान. साडी खोचली, विळ्यानं तोडत निघाली. कुठं रांगत, कुठं मुळी धरून. चपलेचा अंगठा तुटला — दिली फेकून!

अन् मग ते दगड. चुना उडाला, रांग तशीच. माहा पाय अडला! पाहाले चिटपाखरू नाई, तरी अडला. असा संताप आला स्वतःचा — मारली उडी पलीकडं.

माथ्यावर रिकामा ओटा अन् वारा. पार बेला गावाकडचा कापूस दिसते! मोठ्ठ्यानं ओरडली, "मी आलीऽऽ!" ओट्यामागं कातळात कुंडी, पाण्यानं भरलेली. ओंजळीनं प्यायली. गारेगार!

घरी बाबाले सारं सांगायचं होतं. पण पायातले काटे काढता काढता आईनं असं झापलं, की ओटा अन् वारा एवढंच सांगून झालं. बाबा नुसते हसले.

१३ जानेवारी

सकाळी चुलीजवळ बाबा हळूच म्हणे, "कुंडीत पाणी राह्यते का अजून?"

कुंडीचं मी कोणालेच सांगितलं नव्हतं!

"तहान लागली होती वं. लहान होतो. उतरतानाच धरलं पाटलाच्या माणसांनी." अन् पायावरून हात फिरवला. बंडी नव्हतीच. खूप रडली मी.

मग दौलतले सांगून आली — उद्या डोंगा दोघांसाठी. हळूहळू चढू. वाट तर पाडलेलीच हाय.